थट्टा करा, पण समजून!

२०२१ साली नाशिकला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षपद विज्ञानकथाकार डॉ. जयंत नारळीकरांकडे होते. मग आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात विज्ञानकथेचे एखादे विडंबन का नको?

'गॅलॅक्सी क्वेस्ट' (१९९९) या विनोदी चित्रपटात दूरचित्रवाणीवरील अंतराळ-मालिकेची व तिच्या वेड्या चाहत्यांची मनसोक्त थट्टा आहे. पण संकटात उपयोगी पडतो तो यानाचा कोपरा न् कोपरा पाठ असलेला शाळकरी चाहताच!

पडद्यावर अंतराळातील स्फोटाचा दणदणाट ऐकून हसू कोणाला येते? निर्वातातून ध्वनी जात नाही, हे ज्याला ठाऊक असते त्यालाच. न समजता केली ती टवाळी. समजून, प्रेमाने केले ते विडंबन. म्हणून नाटुकले लिहिण्याआधी विज्ञानाचे पुस्तक उघडा.