हौसेची मोटार आणि घरची वही

मैत्रिणींनो, या सदराकडे लोणच्याला बुरशी का येते, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा, अशी पत्रं येतात. परवा साताऱ्याहून आलेलं पत्र मात्र एका मोटारीबद्दल आहे. आधी वाटलं, हे आपल्या सदरात कुठं बसणार? पण पत्र दोनदा वाचलं आणि म्हटलं, हा घरचाच प्रश्न आहे.

या भगिनींचे यजमान निवृत्त झालेत. त्यांच्याकडे २००१ सालची होंडा सिटी आहे, दीड लिटरची, व्हीटेक म्हणतात ती. २००६ साली वापरलेली म्हणून घेतली, ती आजतागायत शेडमध्ये आहे. मुलाची नवी मोटार दारात उभी असते, ती पावसात भिजली तरी चालते. "जुनीला दर रविवारी अभ्यंगस्नान, आणि मी गीझर दुरुस्त करायला माणूस बोलवा म्हणून तीन आठवडे सांगतेय," असं त्या लिहितात. इथवर मला हसू आलं. पुढे नाही आलं. मागच्या दिवाळीनंतर यजमानांनी साठ हजारांची मुदतठेव मोडून गाडीला नवे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, क्लच आणि कुठूनसे मागवलेले पुढचे दिवे बसवले. ठेव त्यांच्या नावावर, पण ठेवलेली ती यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. यांना कळलं ते पासबुक भरून आणल्यावर. मुलगा म्हणतो, गाडी भंगारात द्या. सूनबाई बोलत काही नाही, पण नातवाला त्या गाडीत बसू देत नाही.

आणि पत्राच्या कडेला, जागा संपल्यावर लिहिल्यासारखं एक वाक्य आहे. "रविवारी कासच्या रस्त्याला जातो तेव्हा हे माझ्याशी बोलतात, एरवी आमचं बोलणं असं होत नाही."

या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं. नाहीतर 'विकून टाका' हे सांगायला सदर कशाला हवं?

हे वेड मला ठाऊक आहे. आमच्याकडे १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तेव्हा मोटार नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, त्यामुळे ती दारात आली तेव्हा मी तिला औक्षण केलं होतं. इंजिन १,०८९ सीसीचं, ताकद चाळीसेक घोड्यांची, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली. रविवारी सकाळी आमचे 'हे' पायजमा दुमडून बॉनेटमध्ये डोकं घालायचे. प्लग काढून माझ्याच जुन्या दातांच्या ब्रशने घासायचे, पॉइंटची फट पातळ पत्रीने मोजायचे, कार्ब्युरेटर उघडून त्याची भोकं फुंकून साफ करायचे. नाश्त्याला तीन हाका माराव्या लागत. पुण्याहून साताऱ्याकडे निघालो की खंबाटकीच्या घाटात गाडी तापायची. मग पाण्याचा डबा घेऊन ते पुढे, आणि चाकामागे लावायचा दगड घेऊन मी मागे! तो दगड कायम डिकीत असायचा, जुन्या टॉवेलात गुंडाळलेला. १९९८ साली आम्ही ती गाडी विकली. त्यानंतर दोन महिने हे रविवारी सहाला उठायचे, अंगणात जाऊन उभे राहायचे, आणि परत येऊन पेपर वाचत बसायचे. दगड अजून आमच्या तुळशीपाशी आहे.

म्हणून साताऱ्याच्या भगिनींना आधी हे सांगते, की यजमान त्या गाडीत काय बघतात ते नीट समजून घ्या. पद्मिनी बिचारी धावण्यात काही मोठी नव्हती, तिच्यावर माया होती ती सवयीची. तुमची सिटी वेगळ्या जातीची. १,४९३ सीसीच्या इंजिनात १०६ घोड्यांची ताकद, आणि अंगाने गाडी हलकी. दिसायला साधी, चार दारांची, बँकेत नेऊन उभी केली तर कुणी वळून बघणार नाही अशी. पण इंजिनाचे फेरे चढले की आतली रचना बदलते, हवा आत घेणाऱ्या झडपा जास्त खोल आणि जास्त वेळ उघडतात, आवाज पालटतो आणि गाडी झेपावते. मोठ्या शेगडीला आतलं नि बाहेरचं अशी दोन कडी असतात ना? दुधाला आतलं पुरतं. लग्नघरचं पातेलं चढवलं की बाहेरचंही पेटवायचं. तसंच काहीसं हे. सिटीचं हे पहिलं रूप आपल्याकडे १९९८ ला आलं आणि २००३ मध्ये बंद झालं. त्याच सुमाराची मित्सुबिशी लान्सर, फोर्डची आयकॉन, यांचेही असेच भक्त आहेत. ती मंडळी एकमेकांना सुटे भाग शोधून देतात, 'आता अशा गाड्या होत नाहीत' म्हणतात. रस्त्याची बातमी स्टिअरिंगमधून हाताला कळते आणि बिघाड कानाला आधी ऐकू येतो, हा त्यांचा खरा आनंद. बायकांना यात नवल वाटू नये. फोडणी करपायला आली हे आपल्यालाही पाठमोऱ्या कळतंच की.

एवढं मान्य करून आता दुसरी बाजू. सूनबाईचं काही चुकलेलं नाही. पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग सक्तीच्या झाल्या त्या २०१९ ते २०२१ या काळात. तुमची गाडी त्याआधीची वीस वर्षं. लहान मुलाचं आसन घट्ट अडकवायची आजच्यासारखी सोयही तिच्यात नाही. तेव्हा हमरस्त्याने पुण्याला जायचं असेल आणि नातू बरोबर असेल, तर नवी गाडी काढायची, यावर वाद नको. आजोबांनी नातवाला शेडमध्ये बसवून हॉर्न वाजवू द्यावा.

कागदांचंही बघा. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. तुमची २०१६ ला झाली, २०२१ ला झाली, आता २०२६ ची पाळी. पूर्वी याची फी ६०० रुपये होती. एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारींना १०,००० आहे. शिवाय आपल्या राज्यात हरित कर वेगळा. मुलाला सांगा, नुसतं वय झालं म्हणून खासगी मोटार भंगारात घालायलाच हवी असा नियम महाराष्ट्रात नाही, तपासणीत उतरली तर ती चालवता येते. आणि यजमानांना सांगा, पन्नास वर्षांनंतर मोटार कायद्याने 'व्हिंटेज' ठरते, पंचविसाव्या वर्षी ती नुसती जुनी असते!

मोडलेल्या ठेवीबद्दल मी गुळमुळीत बोलणार नाही. ते चुकलं. हौस चुकली नाही, न विचारणं चुकलं. मोतीबिंदू पिकायची वाट बघत बसण्याचे दिवस गेले, ऑपरेशनची तारीख तुम्ही आधी ठरवा. ती ठरेपर्यंत गाडीवर हौसेचा एक पैसा नाही, हे जेवताना, शांतपणे, मुलासमोर सांगा. भांडणात सांगू नका, भांडणातलं बोलणं पुरुष विसरतात.

मग एक वही करा, दुधाच्या हिशेबासारखी. डावीकडे गरज, उजवीकडे हौस. ब्रेक, टायर, विमा, नोंदणी हे डावीकडे. मागवलेले दिवे, सीटची नवी कव्हरं, चाकांची चकचकीत रिमं उजवीकडे. उजव्या बाजूला महिन्याची एक रक्कम ठरवा आणि तेवढीच रक्कम तुमच्या स्वतःच्या कुठल्याही हौसेला बाजूला काढा, मग ती तुम्ही खर्च करा किंवा नका करू. आमच्याकडे ही वही १९८४ पासून होती. तिच्यामुळे पद्मिनीला एक पेटीसारखा मोठा रेडिओ बसायचा राहिला, आणि मला शिवणाचं मशीन आलं.

वही ठेवायची तर गाडीतलं थोडं कळायला हवं. यातलं बरंच तुम्हाला स्वतःला बघता येईल. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत दिसली तरी फार जुनं रबर कडक होतं, ओल्या रस्त्यावर धरत नाही. जी गाडी आठवड्यातून एकदाच निघते तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं, ते दोन वर्षांनी बदलायचं. पावसाळ्यात खालच्या चटया उचलून हात लावा. ओल लागली तर पाणी जायची भोकं बुजली आहेत, आणि पत्रा आतून गंजायला लागला आहे असं समजा. मेस्त्रीला सांगण्याआधी चटया उन्हात टाका, बरणीचं झाकण ठेवतो तशी दारं उघडी ठेवा. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तुमच्या गाडीच्या रबरी नळ्या त्याआधीच्या काळातल्या आहेत. त्या चिरल्या का, ओलावल्या का हे दर सर्व्हिसला बघायला लावा. गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर 'जुनी आहे, येणारच' हे उत्तर ऐकून घेऊ नका. त्या दिवशी गाडी सुरू करायची नाही.

सगळ्यात महत्त्वाचा तो टायमिंगचा पट्टा. इंजिनात झडपा आणि पिस्टन यांची लय सांभाळणारा हा दात्यांचा रबरी पट्टा. चालत्या गाडीत तो तुटला की झडपा पिस्टनवर आदळतात आणि मग खर्च इतका येतो की ती ठेव कमी पडेल. तो किलोमीटरवर बदलतात तसा वर्षांवरही बदलायचा असतो, कारण गाडी उभी असली तरी रबर वाळतंच. यजमानांना विचारा, "पट्टा शेवटचा कधी बदलला?" दिवे मागवणाऱ्या बहुतेक हौशी मंडळींना हे सालासकट सांगता येतं. नाही सांगता आलं, तर दिवे आधी का आले हा प्रश्न तुम्ही विचारू शकता.

एक राहिलंच. तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे लायसन्स १९९६ पासून आहे, मुलाची गाडी तुम्ही मंडईत नेता, पण जुनीला कधी हात लावला नाही, कारण "क्लच बिघडवशील" असं हे म्हणतात. आता क्लच नवा आहे, आणि तो कुणाच्या डोळ्यांच्या पैशातून आला ते दोघांना ठाऊक आहे! ऑपरेशन झाल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटलं की एका रविवारी किल्ली मागा. यवतेश्वरचा घाट त्यांना चढवू दे, वरून कासपर्यंतचा सपाटीचा रस्ता तुम्ही घ्या. हे शेजारी बसून सूचना करतील, करू द्या. निदान बोलतील तरी.

भंगारात द्यायची की ठेवायची, ते ही वही सहा महिने चालवल्यावर ठरवा. डावी बाजूच जड होत गेली, किंवा पत्रा तळातून गेला असं मेस्त्री म्हणाला, तर गाडी सोडायची वेळ आली. तेव्हा मान्यताप्राप्त केंद्रातच द्या, तिथून दाखला मिळतो आणि नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. आणि यजमानांना आधी सांगून द्या, ते शेडमध्ये नसताना परस्पर नको. त्यांनी ठेवीचं केलं तसं तुम्ही गाडीचं करू नका.

पट्ट्याचं काय निघालं ते मात्र कळवा.