सत्तर तासांचं त्रैराशिक

वैमानिकांना पगार फार मिळतो हे सिद्ध करण्यासाठी एका गृहस्थांनी नुकतीच मासिकाची पाच पानं खर्ची घातली. लेखाचा सांगाडा असा: विमान आता संगणक चालवतो, वैमानिक नुसता बसून असतो. एसटीचा चालक पन्नास माणसं घाटातून नेतो, त्याला कोण लाखो रुपये देतं? पगार बाजार ठरवतो, तेव्हा कुरकुर कशाला? आणि शेवटचा हुकमी एक्का, कॅप्टन महिन्याला सात लाख घेतो नि काम करतो सत्तर तास, म्हणजे तासाला दहा हजार. हा आकडा त्यांना इतका आवडला आहे की लेखात तो फिरून फिरून येतो.

संगणकाचं आधी उरकून घेऊ. प्रवासी विमान धावपट्टीवरून उचलतो तो माणूस, ऑटोपायलट नव्हे. दिल्लीच्या दाट धुक्यात यंत्र विमान उतरवतं हे खरं, पण त्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेले वैमानिकच लागतात. शिवाय यंत्राच्या त्या उतरण्याला वाऱ्याची मर्यादा असते, आणि जुलैतला मुंबईचा वारा कुणाची मर्यादा विचारत नाही. एसटीच्या चालकाला फार कमी मिळतं हे तर शंभर टक्के मान्य. त्यावर उपाय म्हणजे त्याचा पगार वाढवावा, असं आमच्या बाळबोध बुद्धीला वाटतं. लेखकमहाशयांना मात्र त्याची आठवण दुसऱ्याचा पगार कापायचा असला की येते.

बाजाराबद्दल थोडं जास्त. आपल्याकडे २०१७पासून कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्ष आधी नोटीस द्यावी लागते, सहवैमानिकाला सहा महिने. हा बाजार! विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४मध्ये विश्रांतीचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. अंमलबजावणी लांबत लांबत २०२५पर्यंत आली. शेवटचा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ला लागू झाला आणि डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची विमानं हजारोंनी रद्द झाली, कारण नव्या नियमांना पुरतील इतके वैमानिकच नव्हते. मागणी वाढली की भाव वाढतो, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. इथे मागणी वाढली तेव्हा रात्रीच्या कामाचे नियमच त्या कंपनीपुरते काही काळ सैल करण्यात आले.

आता ते सत्तर तास. उड्डाणाचे तास मोजले जातात ते विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंत. पहाटे पाचच्या उड्डाणासाठी अडीचला दारात उभी राहिलेली गाडी, नळीत फुंकून द्यायची दारूची चाचणी, हवामानाचे नि इंधनाचे कागद, दोन उड्डाणांमधला जमिनीवरचा वेळ, धुकं विरेपर्यंत दार लावून प्रवाशांच्या शिव्या खात बसणं, यांतलं काहीही त्या सत्तरांत नाही. वर्षाला हजार तासांची मर्यादा कायद्याने घातली आहे ती वैमानिकांचे लाड म्हणून नव्हे. त्यापुढे माणूस धोकादायक होतो म्हणून. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये इंजिन बंद पाडून, आग लावून परीक्षा घेतात. वैद्यकीय तपासणीत नापास झालात तर उडणं त्याच दिवशी थांबतं. दारूच्या चाचणीत पहिल्यांदा सापडलात तर तीन महिने घरी, दुसऱ्यांदा तीन वर्षं. लेख लिहायला बसण्यापूर्वी अर्थकारणाच्या जाणकारांनाही अशी एखादी नळी लावली, तर मासिकाची पाच पानं कधीकधी वाचतील.

हे त्रैराशिक मला नवं नाही. ‘प्राध्यापक आठवड्याला तास घेतात किती?’ असं विचारून पगार भागणारे विद्वान मी परिसंवादांतून वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. एकाने तर कीर्तनकाराचं मानधनही ताशी काढून दाखवलं होतं आणि पूर्वरंगाला अर्धा दर सुचवला होता. तेव्हाही मी भांडलो होतो, तेव्हाही अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं होतं. तयारीचे तास दिसत नाहीत म्हणून ते नसतातच, हा त्या मंडळींचा सिद्धांत. जाऊ द्या.

पण तासाचाच दर लावायचा, तर लावून बघू. १५ जानेवारी २००९ला न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून निघालेल्या एअरबसच्या दोन्ही इंजिनांवर बदकांसारखे मोठे पक्षी आदळले. कॅप्टन सलनबर्गर यांनी विमान हडसन नदीवर उतरवलं. आतले सगळे १५५ जण वाचले. पक्षी आदळल्यापासून पाणी लागेपर्यंत २०८ सेकंद गेले. आमच्या गृहस्थांच्या दराने या कामाची मजुरी सुमारे पावणेसहाशे रुपये होते. त्या २०८ सेकंदांमागे उड्डाणाचे जवळपास वीस हजार तास होते, ते कुठल्या रकान्यात धरायचे? पुढच्याच महिन्यात हेच कॅप्टन अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगत होते की आपला पगार चाळीस टक्क्यांनी कापला गेला आहे आणि निवृत्तिवेतनाची पूर्वीची योजना बंद झाली आहे.

हडसनच्या त्या घटनेला चार आठवडे होतात न होतात तोच, १२ फेब्रुवारीच्या रात्री, बफलोजवळ एक छोटं प्रवासी विमान घरावर कोसळलं. जमिनीवरचा एक धरून पन्नास जण गेले. सहवैमानिक तरुणी आदल्या रात्री सिएटलकडून देशाच्या दुसऱ्या टोकाला विमानाने प्रवास करत कामावर आली होती. तिचा पगार चौकशीत प्रथम वर्षाला सोळा हजार डॉलरच्या आसपास सांगितला गेला, मग कंपनीने तो आकडा तेवीस हजारांच्या पुढे नेला. अपघात पगारामुळे झाला असं चौकशीने म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. कॅप्टनने विमान सावरताना उलटी कृती केली, हे त्याचं कारण नोंदलेलं आहे. मात्र त्या पगारात कामाच्या गावी भाड्याने खोली घेणं कसं परवडावं, हा प्रश्न तेव्हा अमेरिकेत पुष्कळांनी विचारला. २०१३पासून तिथे सहवैमानिकालाही साधारणपणे पंधराशे तासांचा अनुभव सक्तीचा झाला.

गृहस्थांनी ताशी दर काढताना कॅप्टन निवडला, तीही हातचलाखीच. बारामती, धुळे, गोंदिया इथे शिकणाऱ्या मुलाला परवान्यासाठी दोनशे तास उडावं लागतं. खर्च पन्नास लाखांच्या आगेमागे, त्यावर विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग आणखी काही लाखांचं. घर गहाण पडतं आणि परवाना खिशात असूनही नोकरी लागतेच असं नाही. या मुलाचा पाच पानांत उल्लेखही नाही. २०२०मध्ये विमानं जमिनीवर बसली तेव्हा भत्ते कापले गेले, कित्येकांना बिनपगारी रजेवर पाठवलं. कर्जाचा हप्ता काही रजेवर गेला नाही.

मग मला हवं आहे तरी काय? ज्येष्ठ कॅप्टनचा पगार वाढवा, असं माझं म्हणणं नाही. त्यांचं बरं चाललं आहे आणि चालावं. माझा राग उड्डाणाच्या तासांशी बांधलेल्या मोबदल्यावर आहे. ‘आज मी थकलोय, उडणार नाही’ असं म्हणणाऱ्याच्या खिशाला त्यात कात्री लागू शकते, आणि प्रवाशाच्या दृष्टीने तेच वाक्य सगळ्यांत मोलाचं असतं. म्हणून पगाराचा स्थिर भाग मोठा असावा. भत्ता मोजायचाच तर ड्यूटीवर हजर झाल्यापासून मोजावा. थकव्याचा अहवाल देऊन उड्डाण सोडणाऱ्याचा एक रुपयाही कापू नये. टाइप रेटिंगचा खर्च ज्या कंपनीची विमानं उडवायची तिने करावा. त्या बदल्यात काही वर्षं नोकरी न सोडण्याचं बंधन तिने खुशाल घालावं. तिकिटं यामुळे थोडी महागतील. किती, ते गृहस्थांनी काढावं, भागाकार त्यांना उत्तम येतो.