शेरूचं पोट आणि आपली औषधांची पेटी

घरात कुणाचं पोट बिघडलं की आपण डॉक्टरकडे धावत नाही. ओवा, हिंगाचं पाणी, नाहीतर फडताळातली पाचक सिरपची बाटली. मैत्रिणींनो, तोच हात आपण दारातल्या कुत्र्या-मांजरांवरही फिरवतो. मीही फिरवला आणि पस्तावले.

आमचा शेरू अल्सेशियन. दीड वर्षाचा झाला आणि खंगायला लागला. खायचा मात्र दुप्पट! शी ढीगभर, पांढुरकी, तेलकट. वर स्वतःचीच शी खायला जायचा. कुणी म्हणे जंत, कुणी म्हणे नजर. घरच्यांचं मत, 'तूच नको ते खायला घालतेस.' खायला घालणारी बाई, म्हणून दोषही तिचाच! मी आपली रोज दोन चमचे सिरप पाजत राहिले. तीन महिने. बरगड्या मोजता येऊ लागल्या, तेव्हा कुठे जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

उपाशीपोटी रक्त घेऊन नमुना शहरातल्या लॅबला पाठवला. निघालं काय, तर शेरूचं स्वादुपिंड पाचक रसच पुरेसे तयार करत नव्हतं. अल्सेशियनमध्ये हा आजार बराच आढळतो म्हणे. अन्न पोटात जातं, पण अंगी लागत नाही. आमच्या बाटलीत होतं डायस्टेज आणि पेप्सिन. चरबी पचवणारं लायपेज, ज्याची शेरूला खरी गरज होती, ते त्यात नव्हतंच. वर डॉक्टरांनी बजावलं, 'शुगर-फ्री' सिरप तर मुळीच नको. त्यात झायलिटॉल असलं तर कुत्र्याला ते विषच.

आता प्रत्येक जेवणात एन्झाइमची पूड कालवून द्यायची, तीही जन्मभर. अन्न गरम असताना घालायची नाही, उष्णतेने ती निकामी होते. शिवाय बी-१२ कमी झालेलं, त्याची इंजेक्शनं. ही पूड डुकराच्या स्वादुपिंडापासून करतात, हे कळल्यावर आमच्या शाकाहारी घरात दोन दिवस शांतता होती. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "अगं, औषधाला कसली आलीय जात? फक्त त्याचं भांडं वेगळं ठेव."

माझं म्हणणं एवढंच, की धडधाकट जनावराला अशी पूड किंवा सिरप लागत नाही. त्याचं स्वादुपिंड ते काम करतंच. 'पचनाला बरं असतं' म्हणून दुकानदार डबा पुढे करील, पण डबा घेण्याआधी तपासणीला पैसे घाला. जुलाब होतात ते कधी जंतांमुळे, कधी भांडंभर दुधामुळे, कधी गिळलेल्या चिंधीमुळे. प्रत्येकाचा उपाय वेगळा. सिरप पाजून आपल्याला वाटतं, काहीतरी केलं. तेवढ्यात आजार मात्र पुढे जातो.

दवाखान्यात जाताना ताज्या शीचा नमुना डबीत न्यावा, आणि घरी काय काय पाजलं ते लाज न बाळगता सांगावं. मी आधी सिरपचं लपवलंच होतं.

शेरूचं वजन हळूहळू भरतंय. 'कुत्र्यावर एवढा खर्च?' हे घरात अजून ऐकू येतं. पुडीचे पैसे मी भिशीतून बाजूला काढते, आणि त्याची भाकरी-दूध बंद करून डॉक्टरांनी सांगितलेलं शिजवते.