जमिनीखालची पोकळी

ऑगस्ट २०२२मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला एक राहते घर बघता बघता जमिनीत गडप झाले. घरातली माणसे वेळीच बाहेर पळाली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती.

हळूहळू खचणारी जमीन उपग्रहाच्या रडारला मिलिमीटरमध्ये कळते. पण जुन्या पोकळीचे छत कोसळून पडणारा खड्डा बऱ्याचदा चाहूलही देत नाही. रक्तदाब नॉर्मल असणाऱ्यालाही हार्ट अटॅक येतोच की! म्हणून खाणीचे जुने नकाशे वस्तीच्या नकाशाशी ताडून, बोअर घेऊन पोकळी शोधणे आणि ती वाळूने भरणे जास्त निकडीचे.

अशा वस्तीत, विशेषतः पावसाळ्यात, भिंतीची भेग वाढू लागली, दारे अडकू लागली, तर वरून गिलावा मारू नका. आधी बाहेर पडा, मग तहसीलदारांना कळवा.