पीळ आणि परीक्षा

उमरखेडच्या बाजारात कासरा घ्यायला गेलेला शेतकरी आधी पीळ पाहतो. सैल पिळाचा दोर बैलाच्या पहिल्याच हिसक्याला उसवतो, हे कापसाच्या मुलखात कोणाला सांगावे लागत नाही. फ्रान्समधील कॅडराश येथे चाललेल्या ‘इटर’ या प्रचंड उद्योगालाही हाच धडा गिरवावा लागला!

सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे अणू एकत्र येऊन उष्णता निर्माण होते. तेच पृथ्वीवर घडवायचे, तर वायू 15 कोटी अंशांपर्यंत तापवायला हवा. तो ठेवणार कोणत्या भांड्यात? म्हणून त्याला चुंबकाच्या जोरावर अधांतरी धरतात. या चुंबकाला लागणारा प्रवाह तांब्याच्या तारेतून सतत नेला, तर तिला तापण्यातच अफाट वीज जाईल. पण काही धातू अतिशय थंड केले की त्यांचा विरोध पार नाहीसा होतो. हॉलंडच्या कॅमरलिंग ओन्स यांनी 1911 साली पाऱ्यात हा चमत्कार पाहिला. हेच अतिसंवाहक.

इटरच्या मधल्या वेटोळ्याचा दोर असा: नायोबियम व कथील यांच्या संयुगाच्या 576 तारा, तांब्याच्या 288, सगळ्या एकत्र पिळून पोलादी नळीत घातलेल्या, आणि आतून शून्याखाली सुमारे 269 अंशांचा हेलियम खेळवलेला. हे संयुग मात्र पापडासारखे ठिसूळ. प्रवाह सुरू झाला की चुंबकीय बळ तारांना बाजूला रेटते. बंद झाला की त्या सैलावतात. वेटोळ्याने असे सुमारे 60,000 हिसके सोसायचे आहेत.

दोराचे तुकडे स्वित्झर्लंडमधील फिलिगेन येथे ‘सुलतान’ नावाच्या यंत्रात तपासले जातात. 2010 च्या सुमारास तेथे धक्कादायक गोष्ट दिसली. प्रत्येक काही हजार हिसक्यांनंतर दोराची ताकद थोडी थोडी घटत होती, आणि घट थांबत नव्हती. उपाय निघाला तो पिळाचा! तारांना अधिक घट्ट पीळ दिला, त्या एकमेकींना आधार देऊ लागल्या, आणि नवा दोर परीक्षेत उतरला.

आपल्याकडेही ही वाट सोपी नव्हती. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात अशा तारा व दोर बनवण्याचे काम झाले आहे. गांधीनगरजवळच्या ‘एसएसटी-1’ यंत्राच्या पहिल्या जुळणीत दोष निघाले, तेव्हा त्याची 16 वेटोळी एकेक करून थंडीत 10,000 अँपियरवर तपासली गेली. मगच यंत्र पुन्हा जुळले आणि जून 2013 मध्ये त्यात पहिला तप्त वायू उजळला.

‘नुसत्या तपासणीवर एवढा खर्च?’ असे घरखर्चाची वही लिहिणारी गृहिणी विचारील. पण मडके विकत घेण्याआधी टिचकी मारून पाहणारीही तीच ना! हे वेटोळे एकदा यंत्राच्या पोटात बसले की बाहेर काढणे महाकठीण. आणि दोराची अतिसंवाहकता ऐन प्रवाहात गेली, वेळीच सावरले नाही, तर तो जळून जायचा.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. इथे सुंभ जळू नये म्हणूनच पीळ!