मालकाचे नाव कोण घेणार?

दिल्लीतील राजकीय पत्रकारांची जाहीर मुलाखत हा महाराष्ट्रातील सुशिक्षित मध्यमवर्गाचा एक आवडता सोहळा होऊन बसला आहे. पुण्या-मुंबईच्या सभागृहांपासून तालुक्याच्या वाचनालयापर्यंत त्याचे स्वरूप ठरून गेलेले असते. निमंत्रणपत्रिका राष्ट्रीय राजकारणाचे अंतरंग उलगडण्याचे आश्वासन देते. व्यासपीठावरून मिळतात त्या आठवणी. कोणत्या पंतप्रधानांनी विमानात कोणाला शेजारी बसविले, मंत्रिमंडळातील फेरबदल कोणाला आदल्या रात्रीच कळला, जुन्या संसदभवनाच्या सेंट्रल हॉलमध्ये चहा घेताना कोण कोणाला काय म्हणाले! श्रोते हसतात, टाळ्या देतात आणि सत्तेच्या माजघरात डोकावून आल्याचे समाधान घेऊन घरी जातात.

या आठवणी खोट्या असतात, असे नव्हे. आक्षेप आहे तो त्यांतून रुजविल्या जाणाऱ्या व्याख्येला. राष्ट्रीय राजकारण म्हणजे सत्तेच्या दालनांतील हालचाली आणि श्रेष्ठ राजकीय पत्रकार म्हणजे त्या दालनांत मुक्तद्वार असलेला माणूस, ही ती व्याख्या होय. एकदा ती मान्य केली, की शेतमजूर, आदिवासी, कंत्राटी कामगार हे सारे राष्ट्राच्या राजकारणातून आपोआप हद्दपार होतात. पक्षाचे कार्यकर्तेही हीच व्याख्या नकळत स्वीकारू लागले आहेत, म्हणून तिची झडती घेणे आवश्यक आहे.

अशा मुलाखतीत पत्रस्वातंत्र्याचा विषय निघाला, की आणीबाणीचा उल्लेख हटकून होतो. आणीबाणी उठल्यानंतर लालकृष्ण अडवाणी यांनी पत्रकारांना ऐकविलेले उद्गार सांगितले जातात: वाकायला सांगितले, तर तुम्ही रांगू लागलात. वाक्य टाळीचे आहे, परंतु ते अर्धेच सत्य सांगते. रांगले कोण? २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीच्या बहादूरशाह जफर मार्गावरील वृत्तपत्रांची वीज तोडण्यात आली. पुढल्याच महिन्यात कुलदीप नय्यर यांना अटक झाली. तुरुंगात गेले ते लिहिणारे. रांगण्याचा निर्णय बहुतेक ठिकाणी झाला तो मालकाच्या कचेरीत. ज्याचे वृत्तपत्र हा त्याच्या ज्यूट, साखर किंवा सिमेंटच्या पसाऱ्यातील एक धंदा, ज्याला परवाने, बँकांची कर्जे आणि कागदाचा कोटा सरकारकडूनच हवा, त्याने ताठ उभे राहावे कशाच्या बळावर? रामनाथ गोएंका यांच्यासारखा मालक झुंजला, हे खरे. परंतु देशाचे पत्रस्वातंत्र्य एखाद्या मालकाच्या स्वभावावर विसंबून असावे, ही त्या व्यवस्थेची शोभा नव्हे, तिच्याविरुद्धची साक्ष आहे.

हे दुखणे आजचे नाही आणि त्याचे निदानही नवे नाही. १९५२ मध्ये न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. आचार्य नरेंद्र देव त्याचे सदस्य होते. १९५४ च्या अहवालात आयोगाने मालकीच्या केंद्रीकरणाची चिकित्सा केली. त्यातूनच १९५५ चा श्रमिक पत्रकारांचा कायदा आला आणि धनाढ्य पत्रांनी स्वस्तात भरमसाट पाने देऊन लहान पत्रांना बुडवू नये, यासाठी १९५६ चा किंमत व पानांचा कायदाही आला. हा दुसरा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 'सकाळ'च्या याचिकेवर १९६१ मध्ये रद्द केला. सरकारने पाने मोजू लागावे यातील धोका खराच होता. परंतु भांडवलाने पाने मोजावीत, यातील धोक्याला न्यायालयात वकील मिळाला नाही. न्या. मॅथ्यू यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या आयोगाने १९८२ मध्ये वृत्तपत्रे अन्य उद्योगांपासून विभक्त करा, अशी शिफारस केली. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीवर निर्बंध सुचविले. यांपैकी कोणत्याही शिफारशीचा कायदा झाला नाही. झाले ते एवढेच, की २०१४ मध्ये नेटवर्क १८ रिलायन्सच्या ताब्यात गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये एनडीटीव्ही अदाणी समूहाच्या. राष्ट्रीय राजकारणाच्या वार्तांकनावर दोन तास बोलणाऱ्या पत्रकाराला या घटनांसाठी दोन मिनिटे मिळत नसतील, तर त्याने बाकीचे काय सांगितले याला फारसा अर्थ उरत नाही. पंतप्रधानांचे नाव घेऊन टीका करणारे निर्भय पत्रकार आजही आहेत आणि त्यांचा मान राखलाच पाहिजे. परंतु व्यासपीठावरून स्वतःच्या मालकाचे नाव घेणारा विरळा.

त्याला तरी एकट्याला दोष कसा द्यावा? श्रमिक पत्रकारांचा कायदा हे त्याच्या हातातले एकमेव हत्यार होते. मालकांनी कायम नेमणुकांच्या जागी कंत्राटे आणून ते आधीच बोथट केले आणि २०२० मध्ये संसदेने तो कायदाच नव्या कामगार संहितेत विरघळवून टाकला. तालुक्याच्या वार्ताहराची दशा तर याहून बिकट. बातमीच्या तुटपुंज्या मानधनावर त्याचे घर चालत नाही. जाहिराती मिळवून आणायच्या आणि त्या जाहिराती देणाऱ्या पुढाऱ्याविरुद्ध लिहायचेही, अशी कसरत त्याच्याकडून अपेक्षिली जाते. ज्याची नोकरी उद्या जाऊ शकते, त्याच्या लेखणीच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणे ही क्रूर थट्टा आहे.

या व्यवस्थेत कोणती बातमी राष्ट्रीय ठरते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. २००६ मध्ये मुंबईच्या फॅशन सप्ताहासाठी ५१२ अधिस्वीकृत पत्रकार उपस्थित होते, तर विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे वृत्त देण्यासाठी राष्ट्रीय पातळीवरचे पत्रकार बोटांवर मोजण्याइतके होते, अशी नोंद पी. साईनाथ यांनी केली आहे. सुती वस्त्रे बातमी ठरली; कापूस पिकविणारा ठरला नाही.

६ मार्च २०१८ रोजी किसान सभेचा मोर्चा नाशिकहून निघाला. सुमारे १८० किलोमीटर चालून तो १२ तारखेला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचला. पहिले काही दिवस राष्ट्रीय म्हणविणाऱ्या वाहिन्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मोर्चा महानगरात शिरल्यावर कॅमेरे धावले आणि ते खिळले रक्ताळलेल्या पावलांवर. दहावीच्या मुलांची परीक्षा अडू नये म्हणून मोर्चेकरी रात्रभर चालले, याचे कौतुक झाले. ते योग्यच होते. परंतु ही पावले कशासाठी चालत होती? डिसेंबर २००६ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या वनाधिकार कायद्याखाली कसत्या जमिनीचा हक्क मिळावा, ही त्यांची प्रमुख मागणी होती. संसदेचा कायदा बारा वर्षे का राबविला गेला नाही, याहून अधिक राष्ट्रीय प्रश्न तो कोणता? आदिवासीच्या पायाची जखम दाखविली गेली, त्याचे राजकारण नव्हे. दया दाखविणे मालकाला परवडते. जमिनीच्या हक्काची चर्चा परवडत नाही.

सत्तेशी जवळीक नसेल तर बातमी मिळणार कशी, असा प्रश्न हे पत्रकार विचारतात. त्याचे उत्तर निवडणूक रोख्यांनी दिले आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१७ मध्येच रोख्यांना हरकत घेतली होती आणि ती झुगारण्यात आली, हे देशाला कळले ते कोणाच्या चहापानातून नव्हे. लोकेश बत्रा यांनी माहितीच्या अधिकारात कागद मिळविले आणि त्यांच्या आधारे नितीन सेठी यांनी २०१९ मध्ये हफपोस्ट इंडियावर लेखमाला लिहिली. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ती योजना घटनाबाह्य ठरविली. कोणत्या कंपनीने कोणत्या पक्षाला किती दिले, हे त्यानंतरच्या महिन्यात उघड झाले. देशाच्या राजकारणाचे इतके स्पष्ट चित्र दालनांतील चाळीस वर्षांच्या उठबशीने कोणाला काढता आले नव्हते.

कार्यकर्त्यांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपले आंदोलन दिल्लीच्या वाहिनीवर दिसले की नाही, यावर त्याचे यश मोजण्याची सवय चळवळीत शिरली आहे. डिसेंबर २०२० मध्ये सिंघू सीमेवर बसलेल्या शेतकऱ्यांच्या तंबूंतून 'ट्रॉली टाइम्स' हे पत्र निघाले. मोठ्या माध्यमांच्या दारात ताटकळण्यापेक्षा त्या चळवळीने स्वतःचा कागद छापला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिन्ही कृषी कायदे मागे घेतले गेले, ते कोणा संपादकाच्या कृपेने नव्हे.

तेव्हा पुढील मुलाखतीला कार्यकर्त्यांनी अवश्य जावे, परंतु टाळ्या वाजविण्यासाठी नव्हे. शेवटी प्रश्नांसाठी दहा मिनिटे दिली जातात. त्या दहा मिनिटांत उभे राहून त्यांनी विचारावे: तुमच्या पत्राचा मालक आणखी कोणते धंदे करतो? त्या धंद्यांविषयीची कोणती बातमी तुमच्याकडे छापली गेली नाही? तुमच्या कचेरीत पत्रकारांची संघटना आहे काय? आणि वनजमिनीचे दावे फेटाळले गेलेल्या गावात तुमचा वार्ताहर शेवटचा केव्हा गेला होता? पाहुण्यांची अडचण होईल, आयोजक घड्याळाकडे पाहू लागतील. होऊ द्यावी. राष्ट्रीय राजकारणाची खरी चर्चा त्या सभागृहात तेव्हाच सुरू झालेली असेल.