लोकरीचा पैरा

"वहिनी, मोजे विणत बसता? बाजारात शंभराला तीन जोड मिळतात की!"

हे वाक्य मी वर्षातून किमान दहा वेळा ऐकते. बोलणाऱ्याचं गणित चुकीचं नाही. मोठ्या बाईच्या पायाच्या एका जोडाला ऐंशी ग्रॅमच्या आसपास लोकर लागते आणि माझे पंधरा-सोळा तास जातात. वेळ सोडाच, चांगल्या लोकरीचीच किंमत विकतच्या मोज्यांपेक्षा जास्त भरते. तरीही मी विणते आणि माझ्यासोबत आणखी सात-आठ जणी विणतात. त्यामागे हौस आहेच. पण आज मला हौसेविषयी लिहायचे नाही. 'रिकामा' समजल्या जाणाऱ्या बाईच्या वेळाची किंमत काय, आणि ती कोणी ठरवायची, याविषयी लिहायचे आहे. मोजे हे निमित्त.

आमचं मलकापूर आंबा घाटाच्या अलीकडचं. पावसाळ्याचे चार महिने इथे भिंतींना ओल धरते, कपडे वाळत नाहीत, फरशीवर पाय ठेवला की गारठा थेट गुडघ्यापर्यंत चढतो. शेतावर जाणाऱ्या बायका भाताच्या लावणीला दिवसदिवस चिखलात उभ्या असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि पावसाळा सरला की टाचांना भेगा पडतात. चिखल्यांना औषधच लावायला हवं आणि पाय कोरडे ठेवायला हवेत, तिथे मोज्यांचा उपयोग नाही. भेगांवर मात्र आपल्याकडचा जुना उपाय आहे. घाटाखालून येणारं कोकमाचं तेल पातळ करून भेगांत भरायचं आणि वरून मोजे चढवून झोपायचं. विकतच्या नायलॉनच्या मोज्यात पाय घामेजतो. खरी लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषून घेते आणि तरी हाताला ओली वाटत नाही. दुकानात 'लोकर' म्हणून मिळते त्यातली बरीचशी अ‍ॅक्रिलिक असते, म्हणून गुंड्यावरची पट्टी वाचून घ्यावी. आणि हो, तेलकट पायांनी, मोजे घालून फरशीवर चालू नका. घसरण्याचा अनुभव घेण्यासारखा नाही!

स्वेटर विणणारीलाही मोजा अवघड वाटतो, कारण तो सपाट नसतो. दोन्हीकडे टोक असलेल्या चार सुया, बारा नंबरच्या. तीन सुयांवर वीस-वीस असे साठ टाके आणि चौथी सुई विणायला. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट, म्हणजे ती ताणली जाते. मग सगळं सुलट, गोल गोल. खरी परीक्षा टाचेची. निम्मे, म्हणजे तीस टाके वेगळे घेऊन मागेपुढे विणायचे आणि मग वळण द्यायचं. इथे लोकरीबरोबर नायलॉनचा बारीक धागा घेतला तर टाच लवकर फाटत नाही. आमच्यातल्या काहीजणी अंगठा वेगळा ठेवतात, चप्पल घालता यावी म्हणून. कोल्हापुरी चपलेच्या जिल्ह्यात हे ओघानं आलंच! पण ही युक्ती आपलीच नव्हे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेले तांबडे लोकरी मोजे आहेत, इसवी सनाच्या तिसऱ्या ते पाचव्या शतकातले. ते आजच्यासारखे विणलेले नाहीत, एकाच सुईने गुंफलेले आहेत. पण त्यांनाही अंगठा वेगळा आहे, कारण तेही वहाणांवर घालायचे होते.

आता मूळ मुद्द्याकडे येते. हे मोजे आपण कोणासाठी विणतो? पहिल्या दिवशी मी प्रत्येकीला विचारते, "स्वतःचं पाऊल किती लांब आहे, माहीत आहे का?" नातवाचं पाऊल वितीनं दाखवतात. नवऱ्याच्या बुटाचा नंबर तोंडपाठ असतो. स्वतःचं माप मात्र कोणीच पट्कन सांगत नाही. चप्पल पायात घालून बघायची, बसली की घ्यायची. साठी ओलांडलेल्या एक काकू तर म्हणाल्या, "माझ्यासाठी कशाला गं? मला काय, कसेही चालतात." आयुष्यभरात त्यांनी डझनांनी स्वेटर, टोपडी, बाळमोजे विणले होते, त्यातलं एकही स्वतःच्या अंगाला लागलेलं नव्हतं. म्हणून आमच्या बैठकीचा पहिला नियम झाला, पहिला जोड स्वतःच्या पायांचा. काकूंनी कुरकुर करत का होईना, तो पूर्ण केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना पाय पुढे करून दाखवले. तेव्हाचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

दुसरा जोड मात्र देवाणघेवाणीचा. पद्धत साधी आहे. तुम्हाला मोजे हवेत आणि विणता येत नाही किंवा सवड नाही; पण घरात लोकर पडून आहे. उरलेले गुंडे असतात, जुना स्वेटर उसवून, धुऊन, लड करून ठेवलेली लोकर असते. तुम्ही मला चार गुंडे द्यायचे, पन्नास-पन्नास ग्रॅमचे. दोनांत तुमचा जोड होतो, उरलेले दोन माझे. त्या दोनांतून मी पुन्हा स्वतःसाठी काहीतरी विणते. जिला लोकर नको, तिच्याकडून दुसरं काम येतं. एखादी साडीला फॉल लावून देते, एखादी वाकळ शिवायला हात लावते, एखादी माझ्या सासूबाईंजवळ दुपारभर बसते.

आमच्या शाहूवाडी भागात याला नवं नाव शोधायची गरज नाही. शब्द तयारच आहे, पैरा. आज तुमच्या वावरात माझी माणसं, उद्या माझ्या वावरात तुमची. भात लावणीला, भांगलणीला पैशाची नड असणाऱ्या घरांनी पिढ्यान् पिढ्या असंच निभावलं. पैऱ्यात उपकार नसतो आणि फुकटेपणाही नसतो. किती माणसं आली, किती दिवस आली, हे दोन्ही घरांना पक्कं ठाऊक असतं. मेंढपाळ शेतात बकरी बसवतो, शेताला खत मिळतं, त्याबदल्यात शेतकरी धान्य देतो किंवा हल्ली रोख देतो. तिथेही किती रात्री आणि काय मोबदला, हे आधी बोलून ठरतं.

हे 'आधी बोलून ठरणं' का महत्त्वाचं, ते आम्हाला एका प्रसंगातून उमगलं. एका संस्थेकडून निरोप आला, "आमच्या कार्यक्रमात वाटायला शंभर जोड मोजे हवेत. तुम्ही विणताच, तर करून द्या." लोकर कोण देणार, असं विचारलं. "लोकरीचं काय मोठंसं? आणि वेळ तर तुम्हाला असतोच." मी मनात हिशेब केला. शंभर जोड म्हणजे आठ किलो लोकर आणि पंधराशे तास. आम्ही आठजणी रोज दीड तास बसलो तरी चार महिने. एवढ्या कामाचं वर्णन 'वेळ तर असतोच' या शब्दांत झालं! आम्ही नम्रपणे सांगितलं, लोकर द्या, आणि जेवढी विणायला तेवढीच आमच्या हाताला. निरोप पुन्हा आला नाही.

आमच्यातल्या दोघी-तिघींना हे पटलं नव्हतं. "समाजकार्यात कसला हिशेब?" त्यांचं म्हणणं मला उडवून लावायचं नाही, कारण देण्याचीही आपली परंपरा आहे. १९६२ साली चीनशी युद्ध झालं तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले. त्याच वर्षी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. सैनिक टाकळीसारखी गावं असलेल्या आपल्या जिल्ह्याला सीमेवरच्या थंडीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. माझी आजीही तेव्हा विणत होती. पण तिनं ते स्वतः ठरवून दिलं. आपण दिलेलं दान आणि कोणीतरी गृहीत धरलेला वेळ, यांत मला फरक वाटतो. दान देणारीला 'नाही' म्हणायची मुभा असते, गृहीत धरलेलीला ती नसते.

उलट बाजूनंही विचार करायला हवा. पैशाऐवजी वस्तू, हा व्यवहार नेहमी गोडच असतो असंही नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत. विणकामासाठी ती जगभर प्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकात तिथल्या बायका मोजे, शाली विणून व्यापाऱ्याकडे न्यायच्या. व्यापारी रोख पैसे देत नसे, आपल्याच दुकानातला चहा आणि कापड त्यांच्या हातावर ठेवायचा. भाव मोज्यांचा त्यानंच लावायचा आणि चहाचाही त्यानंच. घरात पीठ नसलेली बाई चहाची पुडी घेऊन परतायची आणि ती कोणाला तरी देऊन पीठ मिळवायची. १८७२ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या चौकशीसमोर या विणकरणींच्या साक्षी झाल्या. इतक्या दूरची गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे, कारण देवाणघेवाण तीच असून एका ठिकाणी पैरा होतो आणि दुसऱ्या ठिकाणी पिळवणूक. दोन्ही टोकांना चिखलात उभी राहिलेली माणसं असली की पैरा. एका टोकाला गल्ला आणि दुसऱ्या टोकाला गरज असली की मग चहाची पुडी.

म्हणून मी बचत गटांतल्या मैत्रिणींना स्पष्ट सांगते. दुकानदार, प्रदर्शनवाले, भेटवस्तू वाटणाऱ्या कंपन्या यांच्याशी लोकरीचा पैरा करू नका. तिथे रोख पैसे मागा आणि तासांचा हिशेब धरून मागा. पैरा फक्त बरोबरीच्या माणसाशी. लोकरीचे दोन गुंडे ही पंधरा तासांची मजुरी नव्हे, हे मला पुरतं कळतं. तासाचे जेमतेम पाच-दहा रुपये पडतात. पण शेजारीण माझ्या आजारी सासूबाईंजवळ बसते तेव्हा तीही तासाचा भाव लावत नाही. आम्ही दोघी एकमेकींचा वेळ खरा मानतो, आणि त्यावरच तो व्यवहार उभा राहतो.

हा वेळ खरा मानला जात नाही, हेच तर दुखणं आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातल्या बिनपगारी कामात सहभागी असलेल्या बायका त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटं खर्च करतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात दिसलं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. हे पाच तास झाल्यावर दुपारी जी तासभर सुया घेऊन बसते, तिला आपण 'रिकामी' म्हणतो. मी बी.ए. झाले, संसार सांभाळला, गावात चार कामं करते. पण अजूनही अर्जावरच्या 'व्यवसाय' या रकान्यात 'काही नाही' असं लिहिणाऱ्या बायका मला रोज भेटतात.

आणखी एक सल मनात आहे. आपल्याच जिल्ह्यात लोकर पिकते. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकर उधळली जाते, इतका तिला मान. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. ती भरड असते, मोज्यांना टोचते, पण घोंगड्याला उत्तम. धनगर बायका सूत काततात, सनगर मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देतात. घोंगड्याची मागणी घटल्यापासून ही लोकर कवडीमोल झाली आहे. कित्येक ठिकाणी ती चक्क टाकून दिली जाते. आम्ही लांबून आलेले मऊ गुंडे विणतो आणि इथली लोकर उकिरड्यावर जाते. त्या लोकरीचं निदान पायपुसणं, आसन, चपलेतला तळवा तरी करता येईल का, हे आमच्या बैठकीत सध्या घोळतं आहे. तसं झालं तर धनगरवाड्यावरच्या बायकांशीही पैरा करता येईल. मात्र कातायच्या कष्टाचा हिशेब आधी त्यांच्या तोंडून ऐकायला हवा.

मैत्रिणींनो, तुमच्या गल्लीत, वाड्यात, अपार्टमेंटमध्ये असा पैरा सुरू करायचा असेल तर फार काही लागत नाही. एक वही ठेवा, तीत लोकर ग्रॅममध्ये आणि काम तासांत लिहा. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पुरतो. विणायला घेण्याआधी देणं-घेणं ठरवा. नंतर 'तुला काय द्यायचं ते दे' यात मनं दुखावतात. जिला येत नाही तिला शिकवा आणि शिकवण्याचे तासही वहीत मांडा. जुने स्वेटर बोहारणीला देण्याआधी उसवून बघा. आणि कोणी 'नाही' म्हणाली तर तिचं 'नाही' मोकळ्या मनानं ऐका.

सुरुवात कुठून करायची, असं विचाराल तर एक कोरा कागद जमिनीवर ठेवा, त्यावर उभ्या राहा आणि पेन्सिलीनं आपल्या पावलाची कड काढून घ्या. टाचेपासून अंगठ्यापर्यंत पट्टी लावा. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर, आपल्या नावापुढे लिहा.